आत्या आधी हसली

दोन हजार नऊच्या आसपासचा एक रविवार. गंगापूर रोडवरचा आमचा फ्लॅट, भर दुपार, आणि माझ्या खोलीत कॉम्प्युटरसमोर खुर्च्या मांडून बसलेलो आम्ही चौघं... आई, बाबा, मी आणि देवळ्याहून आलेली सुमनआत्या. पिक्चर बघायचा होता, आणि तोही ब्लू-रेवर!

त्या वेळी ब्लू-रे म्हणजे सीडीसारखीच, पण कितीतरी पटींनी स्पष्ट चित्र दाखवणारी डिस्क, हे नाशकात कुणाला पटकन सांगून कळायचं नाही. मी हौसेने तिचा ड्राइव्ह आणला होता, कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून स्वतः बसवला होता आणि महिनाभर घरातल्यांचं डोकं खाल्लं होतं. आईचं एकच... "अगं, सीडीवर दिसतं तेच दिसणार ना शेवटी?"

पण आमचा जुना कॉम्प्युटर त्या डिस्कपुढे धापा टाकायचा. आवाज पुढे पळायचा आणि चित्र अडखळत मागे राहायचं. मग मी प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज थोडा थोडा मागे ढकलत गेले... पार दोन सेकंदांपर्यंत. तरी जमेना, म्हणून त्या रविवारी सकाळी नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. चित्र एकदम सुरळीत! त्या आनंदात आवाजाचं सेटिंग पुन्हा जागेवर आणायचं मी साफ विसरले.

आता आत्याबद्दल. ही बाबांची मोठी बहीण. पंधराव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलते व्यवस्थित, फक्त जरा मोठ्याने. समोरच्याच्या ओठांवरून निम्मं ओळखते आणि निम्मं अंदाजाने भरून काढते. हिंदीसुद्धा, कारण कान होते तोवर रेडिओ सोडायची नाही म्हणे.

पिक्चर म्हणजे तिचा जीव की प्राण... आणि नेमकी तिथेच पंचाईत. टीव्हीवर आणि सीडीवर चेहरे कसे दिसायचे, आठवतंय ना? ओठांच्या जागी नुसता पुसट डाग. ती विचारायची, "काय बोलला तो?" आणि आम्ही म्हणायचो, "नंतर सांगतो." सगळे हसले की ती आमच्या तोंडांकडे बघायची आणि मग हसायची. नेहमी आमच्यानंतर... चाळीस वर्षं. आम्हाला त्यात कधी काही वाटलंच नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

तर पिक्चर सुरू झाला. हिरॉइनच्या ओढणीवरचा टाका न् टाका दिसत होता, सासऱ्याच्या दाढीचे खुंट मोजता आले असते! आई नुसतं "अगं बाई..." म्हणाली. बाबांनी उगाचच चष्मा पुसला. मी कितीदा तरी डिस्क लावून बघितली होती, तरी माझ्याही अंगावर काटा आला.

आत्या खुर्ची ओढत ओढत स्क्रीनपासून हातभर अंतरावर गेली. हिरॉइनच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "पोरी, हिचे ओठ दिसत्यात गं... मला समजतंय!"

तेवढ्यात बाबा म्हणाले, "आवाज उशिरा येतोय गं, नीट कर जरा." माझ्या लक्षात आलं, सेटिंग राहिलंय. मी माऊसकडे हात नेला... आणि आत्या हसली.

जोरात. एकटीच. पडद्यावर नवरा बायकोला काहीतरी भलतीच थाप मारत होता, पण आम्हाला अजून काही ऐकूच आलं नव्हतं. दोन सेकंदांनी त्याचं वाक्य आमच्या कानांवर पडलं आणि मग आम्ही हसलो.

आत्याने वळून आमच्याकडे पाहिलं. पुढच्या विनोदाला पुन्हा तेच... ती हसली, वळली आणि आमची वाट बघत राहिली. तिसऱ्यांदा तर तिने आईच्या मांडीवर थाप मारली, "आता बघ, आता बघ काय बोलतोय!" तिचा असा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

बाबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते बहिणीकडे बघत होते. "राहू दे," एवढंच म्हणाले... मी माऊसवरचा हात काढून घेतला.

सगळा पिक्चर आम्ही तसाच बघितला. खरं सांगू? डोकं दुखायला लागलं. दार आधी आपटायचं, आवाज मागून. गाण्यात पाय आधी आणि ठेका नंतर. कुणी पाठमोरं बोललं की आत्याचं अडायचं, मग आई तिला लगेच सांगायची. आईचा गोंधळ झाला की आत्या सांगायची.

दुसऱ्या दिवशी तिला देवळ्याच्या गाडीत बसवायला गेले. मला राहवेना. तिच्यासमोर उभी राहून सावकाश म्हटलं, "आत्या, काल आवाज उशिरा येत होता. माझ्याच चुकीने... म्हणून तू आधी हसत होतीस." वाटलं, तिचा आनंद आपण उगाच घालवला.

आत्या माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे तीन तास तुमी असं मागून मागून बघितलं? मला सांगायचं ना पोरी... लय जड गेलं आसंल तुमाला."

तिला खरंच वाईट वाटत होतं. आमच्यासाठी!

गाडी सुटली, तिने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला आणि तिथेच स्टँडवर रडत उभी राहिले. चाळीस वर्षं ज्या बाईला आम्ही मागे ठेवलं, तिचा जीव आमच्या तीन तासांसाठी कळवळला होता...