चार, दम, सहा

उस्ताद बोलायच्या आधी टेबलावर बोटे वाजवायचे. चार ठोके, मग एक श्वास, मग सहा ठोके. एवढे झाले की तोंड उघडायचे आणि बरोबर त्याच मापाचे वाक्य बाहेर पडायचे.

"प्लायवुड आया, पानी पीके सूजा."

खोटे वाटत असेल तर बोटांवर वाजवून बघा. उच्चाराच्या एकेका तुकड्याला एक ठोका: प्लाय-वुड-आ-या चार, पा-नी-पी-के-सू-जा सहा. मी त्या कारखान्याच्या खरेदी विभागात होते, म्हणजे ते सुजलेले प्लायवुड मीच मागवलेले. समोरचा माणूस आपली अब्रू इतक्या तालात काढत असेल, तर त्याच्यावर रागवायचे कसे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पाच वाजले की त्यांच्या केबिनमधून आवाज यायचा, "खलास यल्ला, घर जाने दो मुझको." यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. हेसुद्धा मापात. सुतारकामाचा तो अख्खा विभाग हसत हसत हत्यारे आवरायचा.

आमचा कारखाना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात होता. हॉटेलांचे दरवाजे, काउंटर, कपाटे असे काम. नव्वदचे दशक संपत आले होते. तिथे तेव्हा रस्ते होते, दिव्याचे खांब होते, आणि बाकी सगळी वाळू. उस्ताद सुतारांचे फोरमन. सर्बियातल्या कुठल्याशा डोंगराळ गावातले, पन्नाशीचे, खांद्याने दार अडेल एवढे रुंद. आखातात कसबी माणसाला उस्तादच म्हणतात, म्हणून तेही उस्ताद. खरे नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

या दहा ठोक्यांचे मूळ मला पहिल्याच वर्षी कळले. त्यांच्या मुलखात तुर्कांशी झालेल्या जुन्या लढायांची गाणी तासन्‌तास म्हणणारे लोक असतात. आपले शाहीरच म्हणा ना. पण डफ नाही, साथीला कोणी नाही. एकटा माणूस मांडीवर गुसले नावाचे वाद्य घेऊन बसतो. त्याला आपल्या तुणतुण्यासारखी एकच तार, तीही घोड्याच्या केसांची, आणि ती धनुकलीने घासून वाजवायची. ओळ कितीही मोठ्या वीराची असो, तिला ठोके दहाच. उस्तादांचे आजोबा असे गायक होते. त्यांना लिहिता-वाचता येत नसे, सगळे पाठ. नातवाला त्यांनी मांडीवर बसवून, त्याच्या पाठीवर बोटे वाजवत गाणी शिकवली होती. चाळिशीपर्यंत उस्तादही त्या भागातले नावाजलेले गायक होते, नवी गाणी रचायचेसुद्धा.

आजोबांची ती गुसले त्यांच्या केबिनच्या भिंतीवर टांगलेली असे. एका अखंड लाकडातून कोरलेली, वर बोकडाचे डोके, पोटावर कातडे ताणलेले. फक्त तिला तार नव्हती.

"उस्ताद, वाजवून दाखवा ना," असे नव्याने आलेला प्रत्येक माणूस म्हणायचा.

"तार नहीं," उस्ताद म्हणायचे आणि चहाचा कप उचलायचे.

आता तुम्हीच सांगा, खरेदी विभागातल्या बाईसमोर 'नाही' म्हणायचे म्हणजे काय? नाही ते मिळवून देणे हा माझा धंदा आणि खोडही. जर्मनीचा गोंद आणला, बर्माचे सागवान आणले, मग एक तार ती काय! मी कामाला लागले आणि हसनभाईंना सोबत घेतले.

हसनभाई म्हणजे आमचे पॉलिशवाले. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. सत्तरच्या दशकात लाँचमधून चोरून आलेल्या पिढीतले. त्या लाँचने त्यांना खोर फक्कानच्या किनाऱ्यापासून लांबच पाण्यात उतरवले होते आणि ते तिथून पोहत आले होते. ही हकिगत ते वर्षातून दोनदा तरी सांगायचे. दर वेळी किनारा थोडा लांब जायचा आणि लाटा थोड्या उंच व्हायच्या. आम्ही कोणी हरकत घेत नसू. माणूस पोहला होता हे खरे होते.

"बाय, त्यात काय हाय?" हसनभाई मला म्हणाले. "तारच पायजे ना? आणतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी आणली.

उस्तादांनी ती बोटांत धरली, ताणली, परत दिली. "हसन, ये मछली का गाना है. घोडे का बाल चाहिए."

हसनभाईंचा भाचा शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता. पुढच्या आठवड्यात केसांचा जुडगा हजर, रिबिनीने बांधलेला. उस्तादांनी तो उजेडाकडे धरला आणि मान हलवली. "घोडी का है. घोडा चाहिए. घोडी के बाल पेशाब से भीगते हैं, आवाज मर जाता है."

हसनभाईंनी भाच्याला फोन लावला आणि कोकणीत त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पुन्हा आठवडा. या वेळी घोड्याचे, लांब, काळेभोर. सोबत धनुकलीला लावायला राळ, तीही हसनभाईंनी पॉलिशच्या सामानातून निवडून ठेवलेली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे केबिनमध्ये गेलो आणि सगळे टेबलावर मांडले. मला भारी आनंद झाला होता. एखादी अवघड ऑर्डर पूर्ण झाली की होतो तसाच.

उस्तादांनी केस हातात घेतले. बोटे वाजली नाहीत.

"अब बहाना खलास," ते म्हणाले.

मग त्यांनी दार लावून घेतले. तोडक्यामोडक्या हिंदीत, मध्येच इंग्रजीत त्यांनी जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगते.

त्यांच्या देशाचे तुकडे व्हायला लागले, तेव्हा बंदुका घेतलेली माणसे गावात आली. त्यांनी सभा भरवली आणि मंचावर उस्तादांना बसवले. गा म्हणाले. उस्तादांनी आजोबांची जुनी गाणी म्हटली. लढाई, रक्त, मेलेला वीर, रडणारी आई. शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट होती. पण समोर बसलेली पोरे तिथल्या तिथे उठून ट्रकमध्ये चढली. त्यांत उस्तादांचा धाकटा भाऊही होता. तो गाण्याची ओळ म्हणतच ट्रकमध्ये चढला आणि परत आला नाही. ज्यांच्याशी लढायला गेला ते लोक डोंगरापलीकडच्या गावचे मुसलमान. तिथलीही पोरे गेली. त्या गावचे दोघे उस्तादांबरोबर शाळेच्या एका बाकावर बसलेले.

"त्या दिवशी मी चांगलं गायलो," उस्ताद म्हणाले. "फार चांगलं. तेच वाईट झालं."

भावाची बातमी आली तेव्हा त्यांनी तार कापली. वाद्य आजोबांचे, ते मोडवेना, म्हणून बरोबर घेऊन आले. परत गायचे नाही असे आईला सांगून आले होते.

उस्तादांनी हसनभाईंकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "हसन, एक बात और. आजोबांच्या गाण्यांत ज्याला मारायचं असतं ना, त्याचं नाव बहुतेक वेळा हसन असतं."

बाहेर करवत चालू होती. मला वाटले, आता हसनभाई उठून जाणार. वीस-बावीस वर्षे नमाज न चुकवलेला माणूस, आणि त्याच्या तोंडावर ही गोष्ट. हसनभाईंनी टोपी काढली, डोके खाजवले, परत घातली.

"तो इस बार हसन को जिंदा रख," ते म्हणाले. "तेरे को कौन रोकता है?"

उस्तादांनी केस खणात ठेवले. आम्ही कामाला लागलो.

त्यानंतर दोन-तीन वर्षे गुसले तशीच भिंतीवर राहिली. मी जन्मात पहिल्यांदा एखादी मागणी अपुरी सोडून दिली. उस्ताद बोटे वाजवत राहिले, दहा ठोक्यांत आमची फजिती करत राहिले. एकदा मी त्यांना म्हटले, "इतक्या ओळी करता, एखादीत तुमचं नाव तरी घाला. आमच्याकडे शाहीर शेवटी आपलं नाव घालतो."

"हमारा नहीं," ते म्हणाले. "नाव वीराचं. गाणारा दार उघडतो आणि बाजूला होतो." मी त्यांचे नाव लिहीत नाही ते एवढ्याचसाठी.

एक मात्र माझ्या लक्षात आले होते. हसनभाई खोर फक्कानची हकिगत सांगायला लागले की उस्ताद हल्ली जवळ येऊन उभे राहायचे. पूर्वी निघून जायचे. आता प्रश्न विचारायचे. लाँचमध्ये खायला काय होते? पाणी थंड होते? उडी मारताना कोणाची आठवण आली? हसनभाई खुलायचे आणि किनारा आणखी दहा हात मागे सारायचे.

मग हसनभाईंचे घरी जायचे ठरले. कायमचे. डोळे पॉलिशच्या वासाने चुरचुरायला लागले होते आणि नातीचे तोंड त्यांनी फोटोतच पाहिले होते. शुक्रवारी दुपारी कारखान्यात निरोपाचे जेवण ठेवले, बिर्याणी आणि शिरखुर्मा. बायकामुलांनाही बोलावले होते. भाषणे झाली. मॅनेजरांनी घड्याळ दिले. तेवढ्यात उस्ताद उठले, केबिनमध्ये गेले आणि गुसले घेऊन बाहेर आले.

तिला तार होती.

त्यांनी एक पेटी उलटी टाकली, तिच्यावर बसले, वाद्य गुडघ्यांत धरले आणि धनुकली फिरवली. आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. कण्हल्यासारखा, घशात अडकलेला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती माझ्या कानात म्हणाली, "Mumma, is he singing or crying?" मी तिला गप्प केले. खरे तर मलाही ठरवता येत नव्हते.

गाणे आमच्या कारखान्याच्या हिंदीत होते. ज्याचे गाणे त्याला ते समजले पाहिजे, असे उस्तादांचे म्हणणे.

"सागर काला, लाँच में भूखे लोग थे," असे ते सुरू झाले. पुढे रत्नागिरीची खाडी आली, चणे आले, लाँचचा शिव्या देणारा नाखवा आला. सगळे हसले. मग "हसन बोला, अम्मा तू मत रोना," आणि हसणे थांबले. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाने ते वाक्य कधी ना कधी कोणाला तरी म्हटले होते.

"कूदा हसन, पानी गले तक था."

ही ओळ म्हणून उस्ताद थांबले. धनुकली थांबली. घाम त्यांच्या कपाळावरून दाढीत उतरत होता. आम्हाला तिघांनाच ठाऊक होते ते कशाला अडले आहेत. आजवरच्या त्यांच्या बहुतेक गाण्यांत हसन या जागी मरत आला होता, आणि त्यांच्या भावासारखी पोरे ते ऐकून टाळ्या वाजवत आली होती. हसनभाई ताटलीवरचा हात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, म्हणा उस्ताद, म्हणा.

उस्तादांनी डोळे मिटले आणि धनुकली ओढली.

"हसन जिंदा, किनारे पे खडा."

कारखान्यात असा गलका पुन्हा झाला नाही. सुतारांनी लाकडी ठोकळे आपटले. हसनभाई चक्क रडले, आणि मीही रडले, त्यात लाज कसली? उस्तादांनी गुसले उचलून हसनभाईंच्या हातात दिली.

"अरे, दादा का है तेरे!" हसनभाई म्हणाले.

"गाना तेरा, तो ये किसका?" उस्ताद म्हणाले आणि बिर्याणी वाढून घ्यायला गेले. वाढून घेताना बोटे ताटलीवर वाजत होती.

पुढे दोन वर्षांनी तेही आपल्या गावी परत गेले. आई एकटी पडली होती. विमानतळावर निघताना मला म्हणाले, "मॅडम पर्चेस, आता तरी सुके प्लायवुड आण." हे मापात नव्हते. घाईत असतील.

मग एक दिवस त्यांच्या बहिणीचा कारखान्यात फोन आला. अंगणात लाकडे फोडताना छातीत कळ आली आणि गेले. आई मागे राहिली.

त्या वर्षी सुट्टीला आले तेव्हा मी मुद्दाम हसनभाईंच्या गावी गेले. ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. पडवीत नारळाची सोडणे वाळत पडली होती, आणि भिंतीवर, खाऱ्या हवेने जरा फुगलेली गुसले. नात शेजारी कोकम फोडत बसली होती. हसनभाईंनी माझे ऐकून घेतले. 'इन्ना लिल्लाहि' म्हणाले. मग उठून गुसले खाली काढली.

"पोरांना रोज म्हणून दाखवतो," ते म्हणाले. "ह्या पोरीला तर सगळा पाठ हाय."

त्यांनी धनुकली ओढली. तार ढिली झाली होती, आवाज बसका येत होता. नात कोकम खाली ठेवून त्यांच्याबरोबर म्हणू लागली. काळा सागर, चणे, अम्मा, गळ्यापर्यंत पाणी. "हसन जिंदा, किनारे पे खडा." गाणे इथे संपते हे मला माहीत होते. मी डोळे पुसले आणि उठायला लागले.

"थांब, बाय," हसनभाई म्हणाले.

गाणाऱ्याचे नाव गाण्यात येत नाही, हे मी त्यांना सांगितले असते. सांगितले नाही. त्यांनी गुसलेच्या पोटावर बोटे वाजवली. चार, एक श्वास, सहा. ओळ त्यांनी तिथल्या तिथे केली. पहिल्यांदा एकट्याने म्हटली, दुसऱ्यांदा नातीने उचलली.

"उस्ताद गया, तार लगाके गया."