जीपची दुसरी अर्थिंग

आमच्या घरात प्रत्येक वस्तू दोन असे. दोन विजेऱ्या, दोन कात्र्या, दाराला दोन कुलपे, आणि गॅसच्या शेगडीजवळ काड्यापेट्याही दोन. ही पद्धत माझ्या यजमानांची. त्यांची सारी नोकरी लष्कराच्या वाहन विभागात झाली. शेवटची काही वर्षे ते खडकवासल्याकडे जवानांना गाड्यांची देखभाल शिकवत असत. "एक बंद पडलं तर?" हा प्रश्न ते वस्तू विकत घेतानाच विचारत. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि मुलांना प्रत्येक उत्तर पुन्हा एकदा पडताळून पाहायला लावत असे. त्यामुळे या एका बाबतीत आमचे लग्नापासूनच एकमत होते.

मात्र एक गोष्ट आमच्याकडे एकच होती, ती म्हणजे जीप. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती लष्कराच्या लिलावातून घेतली. शेवाळी हिरवा रंग, कापडी टप, आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात तिची जागा होती. रविवारी सकाळी आम्ही दोघे तिच्यातून धरणापर्यंत जाऊन येत असू. "इंजिनाला जरा फिरवून आणतो," असे ते म्हणत. परत आल्यावर ताजेतवाने दिसत ते स्वतःच.

हिंजवडीला नेणाऱ्या कंपन्यांच्या बस आमच्या रस्त्यावरून नुकत्याच धावू लागल्या होत्या, त्या सुमाराची ही हकीकत. आमची मुलगी त्यांतल्याच एका बसने जात असे. पार्किंगमध्ये दर सणाला एखादी नवी कोरी मोटार येई आणि आमची जीप आणखी थोडी म्हातारी दिसू लागे. त्यातच एका दुपारी, ती नुसती उभी असताना, तिच्या डॅशबोर्डखालून धूर निघाला. जुन्या तारेवरचे कापडी वेष्टन झिजून ती लोखंडाला टेकली होती. यजमान पान्हा घेऊन धावले, त्यांनी बॅटरीची केबल उपसून काढली आणि प्रकरण धुरावरच थांबले. ती तार त्यांनी संध्याकाळीच बदलली, परंतु शेजारच्या मोटारीच्या मालकाने धूर पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर आमच्या सेक्रेटरींच्या सुबक अक्षरात एक वाक्य उमटले: 'पार्किंग वाहनांसाठी आहे, स्मारकांसाठी नाही. धूर करणाऱ्या स्मारकांसाठी तर नाहीच.' मग ते स्वतः घरी आले. चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "उभ्या गाडीत वीज खेळत राहणार नाही, असं येत्या रविवारी कमिटीला दाखवा. दाखवता आलं नाही, तर गाडी हलवा. दोन्ही आम्हाला चालेल. दुसरं जरा जास्त चालेल."

मुलीने या दुसऱ्या पर्यायाची तयारीही केली होती. तिच्या ऑफिसजवळच्या गावातले एक जमीनदार, ज्यांच्या शेतावर आता काचेच्या इमारती उभ्या होत्या, ते हॉटेल काढणार होते. शनिवारी ते जीप पाहायला आले. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि प्रेमाने बॉनेट थोपटले.

"काका, चालू नसली तरी चालंल. गेटावर चौथरा बांधून वर ठेवायची हाय. खालून लायटी सोडायच्या. लोक फोटू काढतील की!"

पाहुणे गेल्यावर यजमान बराच वेळ जीपमध्ये, चालकाच्या जागी, हात मांडीवर ठेवून बसून होते. मी वर गॅलरीतून पाहत होते. आयुष्यभर गाड्या चालत्या ठेवणाऱ्या माणसाची गाडी चौथऱ्यावर चढणार होती.

"बाबा, मी काही व्हिलन नाहीये," मुलगी जेवताना म्हणाली. "माझ्या टीममधला एक जण डोंगरात जीप चालवतो. त्यानं हा कट-ऑफ स्विच दिलाय. हा बसवा, आणि कमिटीला दाखवा. पण नाही जमलं, तर मग प्लीज, हट्ट नको."

डबीसारखा काळा स्विच आणि त्याची लाल प्लॅस्टिकची किल्ली. किल्ल्या अर्थातच दोन होत्या. ते पाहून यजमानांचा चेहरा प्रथमच थोडा उजळला.

हा स्विच काय करतो ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. बॅटरीला दोन टोके असतात. एका टोकापासून तारा दिव्यांकडे, हॉर्नकडे, स्टार्टरकडे जातात. परतीसाठी मात्र वेगळ्या तारा नसतात. गाडीचा लोखंडी सांगाडा हाच विजेचा परतीचा रस्ता. तो सांगाडा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला एका जाड केबलने जोडलेला असतो. तिला गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. ही केबल मध्येच तोडून तिथे स्विच बसवायचा. किल्ली फिरवली की परतीचा रस्ता बंद, आणि परतीचा रस्ता नसेल तर वीज मुळात निघतच नाही. आठवीच्या वर्गात हे सांगताना मी मुलांना हात धरून गोल उभे करीत असे आणि मग एकाला हात सोडायला लावत असे.

रविवारी पहाटेच आम्ही कामाला लागलो. यजमानांनी केबल कापली, दोन्ही टोकांना तांब्याच्या कड्या दाबून बसवल्या, बॅटरीच्या पेटीशेजारच्या पत्र्याला भोक पाडून स्विच आवळला. मी पान्हे देत होते. काम इतके देखणे झाले की मुलगीसुद्धा "क्लास!" म्हणाली. नंतर पडताळून पाहणार, तोच कमिटीची मंडळी ठरल्या वेळेआधी येऊन उभी राहिली, आणि यजमान हात पुसत पुढे झाले.

"आता दिवा लावतो," ते म्हणाले. पुढचा दिवा लागला. "आता किल्ली फिरवून काढून घेतो."

किल्ली त्यांच्या हातात आली. दिवा लागलेलाच होता.

सेक्रेटरी वाकून दिव्याकडे पाहू लागले.

"बाई," ते मला म्हणाले, "स्विच बंद, किल्ली बाहेर, आणि प्रकाश चालू. आपल्या विज्ञानात याला काय म्हणतात?"

"प्रयोग अपुरा म्हणतात," मी म्हटले.

"बरं. संध्याकाळी सहाला आमची मीटिंग आहे. तोवर पुरा करा."

मंडळी गेली. मुलीने फोन हातात घेतला, पण हॉटेलवाल्यांना लावला नाही. यजमान स्विच काढून उघडू लागले. त्यांनी तो तपासला, मीटर लावून पाहिला. त्यात काही दोष नव्हता. त्यांनी तो परत बसवला, दिवा पुन्हा तसाच. ते जीपच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "घेऊन जाऊ दे त्या हॉटेलवाल्याला. निदान कुणीतरी पाहील तरी तिच्याकडे."

त्यांना असे बोलताना मी कधी ऐकले नव्हते. मी शेजारी बसले आणि वर्गात विचारत असे तसेच विचारले, "अहो, स्विच चांगला आहे ना?"

"आहे."

"तो बंद केल्यावर जाड केबलमधून वीज जाते का?"

"नाही जात."

"आणि तरी दिवा लागतो. मग वीज परत कुठून येते?"

उत्तर त्यांना माझ्या आधी सापडले असावे, कारण त्यांचे कान लाल झाले. ते उठले, बॅटरीच्या पेटीत हात घातला आणि मागच्या बाजूने एक चपटी, विणलेली तांब्याची पट्टी बोटाने वर उचलली. ती बॅटरीच्या त्याच टोकापासून निघून पेटीमागून खाली सांगाड्याला जोडलेली होती. वर गाडीचाच हिरवा रंग चढलेला, त्यामुळे पत्र्यात पार मिसळून गेली होती.

"दुसरी अर्थिंग," ते म्हणाले. "मीच लावली होती. मग गाडीला रंग दिला, तिच्यावरही बसला, आणि ती आहे हेच विसरलो."

"बाबा!" मुलगी कपाळाला हात लावून हसू लागली. "तुम्ही वायरलासुद्धा जोडीदार दिलात?"

"पण का लावली?" मी विचारले.

"तुला आठवत नाही? दहावीच्या परीक्षेला सुपरव्हिजन होतं तुझं, आणि ही सुरू झाली नाही. तू रिक्षा शोधत कोपऱ्यापर्यंत पळत गेलीस. त्या दिवशी केबल गंजून सैल झाली होती. संध्याकाळी नवी घातली आणि ही दुसरी लावली. म्हटलं, एक सुटली तरी बाईंना उशीर होता कामा नये."

तो दिवस मला आठवत होता. पट्टीचे मात्र मला कधीच कळले नव्हते. त्यानंतर शाळेत जाताना जीपने मला एकदाही दगा दिला नाही. त्याचे श्रेय मी तिच्या चांगल्या स्वभावाला देत आले होते.

मुलगी म्हणाली, "ओके, मग सिंपल आहे. ही कापून टाका."

यजमानांनी पक्कड उचलली, पण ती हातातच राहिली. मी म्हटले, "कापू नका. तिचं बॅटरीकडचं टोक सोडवा आणि स्विचच्या पलीकडच्या, सांगाड्याकडच्या बोल्टवर लावा. मग रस्ते दोनच राहतील, पण दोन्ही एकाच दारातून जातील."

पक्कड बाजूला ठेवून त्यांनी पान्हा मागितला.

सहाला सेक्रेटरी आले. दिवा लावला, किल्ली फिरवली, दिवा विझला. त्यांनी स्वतः आत बसून सगळी बटणे दाबून पाहिली, हॉर्नवर मूठ दाबली. काही झाले नाही. ते खाली उतरले, चष्मा सारखा केला.

"वीज खेळत नाही हे मान्य," ते म्हणाले. "गाडी चालते का, हा प्रश्न कमिटीपुढे नाही. मी आपला सहज विचारतोय."

"बसा ना," यजमान म्हणाले.

किल्ली घातली, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. सेक्रेटरी पुढे, मी आणि मुलगी मागे, असे आम्ही कर्वेनगरच्या चौकापर्यंत जाऊन आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "कुशन कडक आहे." दुसऱ्या दिवशी फळा कोरा होता. हॉटेलवाल्यांना मुलीने फोन करून नाही म्हणून सांगितले. "काकांना सांगा, मन बदललं तर मी हायच," असा त्यांचा निरोप आला. मन बदलले नाही.

दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या कपाटाच्या जुडग्यात आली. धरणावरून परतलो की यजमान स्विच बंद करतात, आत बसून एकदा हॉर्न दाबून पाहतात आणि उतरतात. मग मी पुढे होते आणि एकदा दाबते. आवाज येत नाही. तो येत नाही याची दोघांची खात्री झाली की आम्ही वर चहाला जातो.