अक्काचं गाणं आणि माझं प्रास्ताविक

माझ्या थोरल्या बहिणीचं गाणं बंद करायला तिच्या नवऱ्याला पस्तीस वर्षं लागली. मला दिवाळीची एक पहाट पुरली.

भावोजी तसे वाईट नव्हते. त्यांनी अक्काला ‘गाऊ नकोस’ असं कधीच म्हटलं नाही. ती ओट्यापाशी गुणगुणायला लागली की ते बाहेरच्या खोलीतून फक्त विचारायचे, “काय गं, डोकं दुखतंय का तुझं?” इतक्या काळजीनं इतकी वर्षं विचारल्यावर कुणाचंही गाणं थांबेल. भावोजी गेले आणि वर्षभरानं एकदा मी हुबळीला तिच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. मला पाहून ती गप्प झाली आणि ओशाळून म्हणाली, “डोकं नाही रे दुखत माझं.”

याच सुमारास आमच्या कॉलनीला जुन्या दिवाळीची आठवण यायला लागली. धारवाडात केलगेरी तलावाच्या बाजूला आमची कॉलनी. निम्मी घरं कन्नड, निम्मी मराठी, आणि बहुतेक घरांतली मुलं बेंगळूर नाहीतर पुण्याला. उरलेली आम्ही माणसं संध्याकाळी बाकावर बसून ‘पूर्वी कशी दिवाळी असायची’ यावर बोलतो. त्यातून नरकचतुर्दशीच्या पहाटे जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं. साडेपाच ते सात. सहा गाणी कन्नड, सहा मराठी, एकाआड एक. सगळी रेडिओच्या काळातली. कार्यक्रमाचा संयोजक मी. (पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढल्यावर माणसाला एक तरी गोष्ट वेळेवर वाहती करून दाखवावीशी वाटते.)

अक्काला हे कुठून कळलं कोण जाणे. तिचा फोन आला. आधी हवेची चौकशी, मग माझ्या गुडघ्याची. मग म्हणाली, “रवी, तुमच्या त्या कार्यक्रमात कॉलनीबाहेरच्यांना चालतं का रे? म्हणजे, सहज विचारते.”

“तू गाणार?”

“एकच. ते आपल्याकडे अभ्यंगाच्या वेळी रेडिओवर लागायचं बघ, ते. नसेल जमत तर असू दे की.”

“जमतंय की. तुझं नाव लिहिलंच मी,” मी म्हणालो. आणि खरोखर लिहिलं. इथपर्यंत माझं वागणं निर्दोष आहे. पुढचं सांगतो.

अक्कानं चार महिने तयारी केली. लोणचं बंद, दही बंद, तळलेलं सगळं बंद. सकाळी गच्चीवर रियाज. सदुसष्टाव्या वर्षी तिला दुसऱ्या कडव्यातली एक लांब ओळ एका श्वासात जमेना, म्हणून ती जिने चढायला लागली. “आज निम्म्यापर्यंत गेले,” असं ती फोनवर सांगायची. मी विचारायचो, “जिन्याच्या की ओळीच्या?” आणि आम्ही दोघं हसायचो. दिवाळीच्या आठवड्यात तिचा फोन आला. “गेले रे पूर्ण,” एवढंच म्हणाली. मागे धापा ऐकू येत होत्या.

आणि इकडे मला न्यायबुद्धीनं ग्रासलं. क्रम ठरवताना वाटलं, सख्ख्या बहिणीला पुढे घातलं तर लोक म्हणतील, बघा, संयोजकांनी घरचंच माणूस घुसवलं. म्हणून तिला बारावं, म्हणजे शेवटचं गाणं दिलं. तिला सांगितलं, “मोठे गायक शेवटीच गातात, अक्का.” तिला ते खरं वाटलं. माझं सांगणं तिला लहानपणापासून खरंच वाटत आलंय. तिच्यातला एवढा एकच दोष मला ठाऊक आहे.

आदल्या दिवशी ती आमच्याकडे राहायला आली. पहाटे साडेतीनला उठली, तेल-उटणं लावून न्हाली, पायाखाली कारीट फोडलं आणि ठेवणीतली इरकल नेसून, तोंडात ज्येष्ठमध धरून खुर्चीत बसली. बोलायचंच बंद केलं. माझ्या बायकोनं, सुधानं, चहा विचारला तर मानेनं नाही म्हणाली. मी निघताना सुधा मला म्हणाली, “अहो, प्रास्ताविक किती वेळ करणार?”

“तीन मिनिटं. लिहून घेतलंय.”

“कागद बघूनच बोला हं.”

कागद मी बघितला. सुरुवातीला एकदा.

रेडिओच्या खरखरीपासून सुरुवात केली. समोर शंभरेक माणसं शाली गुंडाळून बसलेली, तलावाकडून गार वारा येत होता, आणि मी म्हणालो, “त्या वेळी गजर नव्हता, रेडिओ होता.” लोकांनी माना डोलावल्या. मी कंदिलावर गेलो, त्याच्या चिकटवायच्या खळीवर गेलो. तिथून कॅसेटवर आणि कॅसेटची फीत गुंडाळायच्या पेन्सिलीवर गेलो. पुढच्या रांगेत एक निवृत्त तहसीलदार होते, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. घात तिथे झाला. एक माणूस रडला की बोलणाऱ्याला वाटतं, दुसराही रडेल. मी दिवाळी अंकांच्या वासापर्यंत पोचलो तेव्हा तेरा मिनिटं झाली होती.

मी संपवणारच होतो. खरंच संपवणार होतो. पण कॉलनीचे अध्यक्ष हिरेमठअण्णा खालून म्हणाले, “सर, कन्नडदागू स्वल्प हेळ्री.” म्हणजे थोडं कन्नडमधूनही सांगा. रास्त मागणी होती. निम्मी कॉलनी कन्नड. वास्तविक त्या सगळ्यांना मराठी माझ्याइतकंच समजतं आणि आम्हा मराठी माणसांना कन्नड. पण समतोल म्हणजे समतोल! मी पुन्हा रेडिओच्या खरखरीपासून सुरू केलं.

कन्नडमध्ये पंधरा मिनिटं लागली. (पाणी भरायच्या सणाचं, आदल्या संध्याकाळी हंडा घासून त्याला माळ घालतात त्याचं, मराठीत राहून गेलं होतं. ते घातलं.) तहसीलदार दुसऱ्यांदा रडले.

मग सत्कार. आमच्या गावात सत्काराशिवाय कार्यक्रम झाला असं कुणी ऐकलेलं नाही. शाल, हार, पेढ्यांचा बॉक्स. एकाचा केला की दुसऱ्याचा करावा लागतो, कारण तो बघत असतो. अध्यक्षांचा झाला, तबलजीचा झाला, पेटीवाल्यांचा झाला, मंडपवाल्याचा झाला. शेवटी हिरेमठअण्णांनी माईक घेतला आणि संयोजकाचा, म्हणजे माझा, सत्कार जाहीर केला. “सरांच्या थोरल्या भगिनी इथं आल्यात. त्यांच्याच हस्ते होऊ द्या.”

अक्का स्टेजवर आली. तिनं मला शाल पांघरली, हार घातला. मी वाकून तिच्या पाया पडलो. टाळ्या पडल्या. तोंडात ज्येष्ठमध तसाच होता. उतरताना तिनं एकदा माईककडे बघितलं.

त्या स्टेजवर ती एवढीच आली.

गाणी मात्र छान झाली. इतकी छान की पाचव्या गाण्याला कुणीतरी ‘वन्स मोअर’ म्हणालं आणि मी मोठ्या मनानं मान हलवली. सात वाजायला पाच मिनिटं असताना दहा गाणी झाली होती. पाच कन्नड, पाच मराठी. साउंडवाला माझ्यापाशी येऊन म्हणाला, “टाइम आत्री सर,” वेळ संपली. सातला त्याला सामान उचलून रायापूरला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. एका गाण्यापुरता वेळ होता. उरलेली दोन. अकरावं अंगडी सरांचं कन्नड, बारावं अक्काचं.

अंगडी सर भला माणूस. ते स्वतः येऊन म्हणाले, “अक्कार हाडली बिडरी. मी काय, रोजच गातो.” अक्कांना गाऊ द्या, म्हणाले. अक्का तेव्हा खुर्चीच्या कडेला आली होती. ज्येष्ठमध काढून रुमालात बांधला होता.

आता वाचकांनी मला सांगावं, अशा वेळी कोणता शहाणा माणूस नाही म्हणेल?

मी म्हटलं. “छे छे सर, असं कसं. क्रम म्हणजे क्रम. माझ्या घरचं माणूस पुढे घेतलं तर कॉलनी काय म्हणेल?”

कॉलनी काही म्हणत नव्हती. कॉलनीला फराळाची घाई झाली होती. हिरेमठअण्णा तेवढे माझ्या कानाशी पुटपुटले, “अक्का आपल्याच आहेत. समजून घेतील.” मला ते पटलं. आपल्या माणसांचा हा मोठा उपयोग असतो.

अंगडी सर गायले. अर्ध्या मनानं गायले, एक कडवं गाळलं आणि खाली मान घालून उतरले. वाचलेल्या दोन मिनिटांत मी आभार मानले. दोन्ही भाषांत.

मग लोकांनी मला गराडा घातला. “भाळ छलो माताडिदरी सर,” फार छान बोललात. “रडवलंत हो.” “पुढच्या वर्षी जरा जास्त वेळ बोला.” त्या गर्दीतून अक्का माझ्याकडे आली. मी म्हणालो, “अक्का, ते जरा वेळेचं…” तिनं पिशवीतून थर्मास काढला. गाण्याआधी घसा शेकायला म्हणून पहाटेपासून जपलेलं गरम पाणी होतं त्यात. झाकणात ओतून तिनं माझ्या हातात दिलं.

“घे. घसा बसला असेल तुझा.”

मी प्यालो. (नाही म्हणायचं सुचलं नाही, आणि घसा खरंच बसला होता.) घरी येईपर्यंत सुधा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अक्का बोलली. चकल्या छान झाल्यात म्हणाली. चार महिन्यांनी पहिली चकली खात होती.

भाऊबीजेला मी हुबळीला गेलो तो माफी मागायचीच, असं ठरवून. अक्कानं ओवाळलं. ताट खाली ठेवलं तसं मी म्हणालो, “अक्का, माझं चुकलं.”

“असू दे की रे.”

“नाही, असू दे नाही. तू गा. आत्ता गा. मी एकटा ऐकतो. सात वाजायचे नाहीत की साउंडवाला यायचा नाही.”

“आत्ता? कणीक मळून ठेवलीय.”

“राहू दे कणीक.”

तिनं ओवाळणीचं ताट बाजूला सरकवलं. मग समोरच्या पाटावर मांडी घालून बसली, पदर सारखा केला, डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज, थोडा जाडसर झालेला, पण तोच. न्हाणीघरातला धूर आठवला, आई आठवली. मीही डोळे मिटले, आणि कसं ते कळलं नाही, पण मीही तिच्याबरोबर म्हणायला लागलो. आधी हळू. मग भावना अनावर झाल्या तसा मोकळ्या आवाजात. दुसऱ्या कडव्यातली ती लांब ओळ मी तीन श्वासांत ओढत नेली, शेवटचं धृपद दोनदा घेतलं आणि भिजलेले डोळे उघडले.

समोरचा पाट रिकामा होता. आतून लाटण्याचा आवाज येत होता.

“झालं का रे?” अक्कानं विचारलं. “छान म्हटलंस. हात धुऊन घे, पोळी वाढते.”