एक काळा, एक तपकिरी

गोरे सैनिक चाकांच्या बुटांवर हॉकी खेळत; ते गेल्यावर भिंगारच्या बाजारात एक म्हातारा त्यांचे ते बूट विकायला बसे. बुटांच्या कंपनीने ते बनवणं युद्धातच बंद केलेलं, त्यामुळे ढिगात असतील तेच. मी साधा कारकून, पण मला त्या खेळाचा भारी नाद.

मी बूट घ्यायला गेलो, तर म्हाताऱ्याने मापाची टेप काढलीच नाही. माझी पावलं तळहातांवर धरून पाहिली आणि काळ्या जोडीतला डावा, तपकिरीतला उजवा पुढे केला.

"उजवा पाय मोठा हाय तुमचा."

बूट अगदी चपखल बसले, तरी मी कुरकुरलो, "उरलेले दोन कोण घेणार?"

"डावा मोठा असलेला बी येईल की कुनीतरी."

पुढच्या रविवारी खेळायला एक नवा हवालदार आला. डाव्या पायात तपकिरी, उजव्यात काळा. आम्ही एकमेकांचे पाय आधी पाहिले, तोंडं नंतर.