किसनरावांची गादी

अमरावतीच्या इतवारा बाजारामागच्या एका गल्लीत अब्दुल गफ्फार यांचे गादीचे दुकान आहे. पुढे गाद्या शिवण्याची ओटी, मागे कापूस पिंजण्याच्या यंत्राची अंधारी खोली. गादी भरून, टाके घालून झाले की गिऱ्हाइकासमोर तिच्यावर स्वतः पाठ टेकून पडायचे आणि मगच ती बांधून द्यायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. आत राहून गेलेली गाठ हाताला लागत नाही, ती पाठीलाच कळते, असे ते सांगत. पडल्या पडल्या डोळे मिटून झोपेचे सोंग घेत. आमच्या गादीवर पहिली झोप तुमचीच काय, असे एखादी बाई हसून विचारी. झोप तुमचीच आहे, मी नुसती चव पाहून राहिलो, हे त्यांचे ठरलेले उत्तर.

२०२१च्या मार्चमध्ये ते कोरोनाच्या वॉर्डात बावीस दिवस होते. परत आले, दुकान उघडले, यंत्र पुन्हा सुरू झाले. पण गादीवर पडून पाहणे तेव्हापासून बंद पडले. दुकानातच नव्हे, घरीसुद्धा त्यांनी पाठ जमिनीला लावली नाही. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून ते बसल्या बसल्याच झोपत. पिंजण्याच्या खोलीत कापसाचे तंतू उडू लागले की दोन मिनिटांत बाहेर येत, खिशातले प्राणवायू मोजायचे लहानसे यंत्र बोटाला लावत आणि त्यावरचा आकडा पाहूनच पुन्हा आत जात. शेजारचा शिंपी त्यांना डॉक्टर म्हणून हाक मारू लागला. तेही हसत. गाठी राहिलेल्या दोन गाद्या परत आल्या तेव्हा त्यांची बीबी गुलनार हिने आतल्या खोलीचे दार लावून गाद्यांवर पडून पाहायचे काम स्वतःकडे घेतले.

फुफ्फुसे स्वच्छ आहेत, असे छातीच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितले. नातेवाइकांचे म्हणणे असे की ज्या वॉर्डातून इतकी माणसे उठली नाहीत तिथून तुम्ही उठून आलात, अल्लाचे शुक्र करा, आणखी काय पाहिजे? ते शुक्र करीतच होते. शेवटी मुलगी नगमा हिने हट्ट धरला आणि त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेले. गल्लीतल्या कोणी पाहू नये म्हणून अकोल्याला. घरून निघताना लग्नाला जात असल्याचे सांगून. वॉर्डात काय झाले, हे डॉक्टरांनी तीन भेटींत तीन वेळा विचारले. मी वाचलो, एवढेच उत्तर त्यांनी तिन्ही वेळा दिले. गोळ्यांनी झोप थोडी वाढली, तीही बसूनच.

गेल्या जानेवारीत एका दुपारी भातकुलीकडचा एक तरुण शेतकरी सरकी काढलेल्या कापसाचे पोते घेऊन ओटीवर आला. नाव किशोर. त्याने गफ्फारभाईंच्या पायाला हात लावला तेव्हा ते दचकून मागे सरले.

"मी किसनरावचा पोरगा," तो म्हणाला. "दवाखान्यात तुमच्या बाजूले होते थे."

मग तो बराच वेळ बोलत राहिला. त्याचे वडील फोनवर रोज सांगत की बाजूच्या खाटेवर गादीवाले गफ्फारभाई आहेत, म्हणून एकटे वाटत नाही. वॉर्डातल्या गादीला मधोमध खड्डा पडला आहे, घरी आलो की आपल्याच शेतातल्या कापसाची गादी गफ्फारभाईंकडून भरून घेऊ, असेही ते म्हणाले होते. ते वॉर्डातच गेले. दुकानाचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. मध्यंतरी एका लग्नात भेटलेल्या पाहुण्याने सांगितला. आता आई चतुराबाईची कंबर धरली आहे, तेव्हा बाबांचे बोलणे पुरे करावे म्हणून तो आला होता. पोते ओटीवर ठेवून, चहा पिऊन तो निघून गेला.

गफ्फारभाई ते पोते आठ दिवस चुकवीत राहिले. इतर गाद्या भरल्या, हे पोते तसेच. नवव्या दिवशी त्यांनी ते उघडले आणि मग गुलनारला हात लावू दिला नाही. कापूस दोनदा पिंजला. खोळ चौकड्याची घेतली, टाके एरवीपेक्षा जवळ घातले. दर थोड्या वेळाने बाहेर येऊन ते बोटाला यंत्र लावीत होते, ते नगमाने पाहिले. गादी दुसऱ्याकडून भरून घेऊ, असे तिने सुचवले. त्यांनी मान हलवून नाही म्हटले.

ठरलेल्या दिवशी किशोर छोटा टेम्पो घेऊन आला. गादी ओटीवर पसरली होती. त्याने हात फिरवून पाहिले आणि हसून म्हणाला, "बाबा सांगे, गफ्फारभाई सोता पडून पाहतेत. मंग पहा ना पडून."

गफ्फारभाई गादीवर बसले. एक हात मागे टेकला, कोपर टेकले. पाठ वीतभर वर असतानाच त्यांचे तोंड उघडे पडले आणि ते धापा टाकू लागले. किशोर पाणी आणायला उठला. त्यांनी त्याचे मनगट धरून त्याला बसवले, आणि जे त्यांनी घरात सांगितले नव्हते, अकोल्यात सांगितले नव्हते, ते सांगितले.

पालथे झोपले की दम कमी लागतो, म्हणून वॉर्डात सगळ्यांना पालथे झोपायला सांगितले होते. किसनराव अंगाने जड. एका हातात सलाईन. त्यांना आपले आपण वळता येत नसे. रोज गफ्फारभाई उठून त्यांना वळवीत. त्या दुपारी गफ्फारभाईंचा स्वतःचा आकडा सकाळपासून घसरत होता आणि तासभर पालथे पडून तो नुकता सावरला होता. नर्स वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सिलेंडरपाशी होती. गफ्फारभाई, मले पालथं करता काय, असे किसनराव म्हणाले. उठलो तर आकडा पुन्हा पडेल, एवढेच त्यांच्या मनात आले. त्यांनी डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकांसमोर खोटी झोप घेण्याची त्यांना सवय होतीच. किसनरावांना ती खरी वाटली असावी, कारण पुढची हाक त्यांनी हळू आवाजात मारली. संध्याकाळी नर्स आली तेव्हा ते उताणेच गेलेले होते.

किशोरने गादीच्या टाक्यांवरचा हात काढून घेतला.

"त्या दिवशी दुपारी बाबाचा फोन आलता," तो म्हणाला. "मले वळवाले कोनी नाही, असं बोलले अन् फोन कटला. आमी चार वर्षं त्या नर्सबाईले शिव्या देऊन राहिलो. आई तं रोज देते."

गफ्फारभाईंनी माफी मागायला तोंड उघडले. किशोरने हात वर करून त्यांना थांबवले. रागही नाही, आवाजही चढलेला नाही. फक्त मघाचे हसू कुठे उरले नव्हते. "मले काय सांगता? तिले सांगा. चला."

गुलनार दारात आली होती. एवढ्या आजारी माणसाला आता कुठे नेता, असे तिने किशोरला विचारले. उत्तर गफ्फारभाईंनी दिले. मी आजारी नाही, म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

गादी टेम्पोत टाकून दोघे भातकुलीपुढच्या किशोरच्या गावात पोचले. चतुराबाई अंगणात तुरी पाखडत होती. किशोरने गादी ओसरीवर टाकली आणि हे गफ्फारभाई, एवढेच सांगितले. तिने लगबगीने पदर सावरला, बसायला सतरंजी टाकली, चहाचे विचारले. गफ्फारभाई बसले नाहीत. उभ्यानेच, मान खाली घालून, त्यांनी पुन्हा सगळे सांगितले. या वेळी त्यांना कोणी थांबवले नाही. सांगणे लवकर संपले.

चतुराबाईने सूप खाली ठेवले. तुरीतले दोन खडे निवडून बाजूला टाकले. मग विचारले, "किती खेपा हाक मारली त्यायनं?"

"तीनदा."

"तीनदाच?"

"हो, बाई. मंग नाही मारली."

"मले वाटे, सांजवरी मारत असन," ती म्हणाली. चार वर्षे ती कोणत्या हाका ऐकत होती, ते गफ्फारभाईंना तेव्हा कळले. तिने डोळ्यांना पदर लावला नाही. किशोरला म्हणाली, "यायले मोटरस्टँडवर सोडून ये. बस निघून जाईन."

तिने शिवी दिली नाही, पुन्हा या असेही म्हटले नाही. गफ्फारभाईंनी हात जोडले, पण ती सूप उचलून आत गेली होती.