आफ्रिकेचे मासे आणि गोदावरीतलं गवत

माझे मिस्टर सोनपेठच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. एका पावसाळ्यात परभणीहून परत येताना त्यांची जीप उलटली आणि मणक्याला मार बसला. हैदराबादच्या दवाखान्यात आम्ही दिवाळीपर्यंत होतो. शेवटी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "हात चांगले आहेत. कमरेखाली आता काही होणार नाही. घरी घेऊन जा."

घरी आणलं त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडले. विचारलं तर हूं म्हणायचे, नाहीतर तेही नाही. ताटातले दोन घास खायचे आणि मान फिरवायचे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी आणि सासूबाई मिळून त्यांची कूस बदलायचो. भिंत नसलेल्या बाजूला वळवलं की ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी अंग पुसत असताना शांतपणे म्हणाले, "मला कशाला आणलंस घरी?" त्या दुपारी दाढीची पाती आणि झोपेच्या गोळ्या कपाटात टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली होती. हैदराबादच्या त्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर माशांची काचेची पेटी होती. स्ट्रेचर तिथं थांबलं की ते एकटक माशांकडे बघायचे. माझा धाकटा भाऊ हैदराबादलाच नोकरीला होता. मी त्याला निरोप धाडला, कसंही कर, पण तसली पेटी आण.

पेटी आधी आली आणि मासे मागून. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्याला पांढरा थर धरायचा, डाळ शिजायची नाही. साधे मासे त्यात टिकणार नाहीत असं दुकानदार म्हणाला, आणि त्यानं भावाला आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले मासे दिले. सिक्लिड म्हणतात त्यांना. त्यांना असलंच जड पाणी लागतं. भाऊ परभणीला उतरला तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एस.टी. उभ्या होत्या. तो एक पूर्ण दिवस माशांची पिशवी मांडीवर घेऊन स्टँडवर बसला, मधूनमधून पिशवीचं तोंड सोडून पाणी हलवत. सोनपेठला पोचला तेव्हा काही मासे उलटे झाले होते. उरलेले निळे आणि पिवळे, बोटाएवढे.

आम्ही पेटी त्यांच्या खाटेला लागून, डोळ्यांच्या उंचीवर ठेवली. नदीची वाळू धुऊन धुऊन घातली, दगड रचले, हवेची मोटर लावली. पाणी आधीच भरून मुरवत ठेवलं होतं. मासे सोडले आणि मी मिस्टरांची कूस पेटीकडे केली. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

बराच वेळ बघून म्हणाले, "यात झाडं पायजेत."

किती दिवसांनी त्यांनी काही मागितलं होतं. भाऊ चाचरत म्हणाला, "दाजी, दुकानदार म्हणला हे मासे झाडं ठेवत न्हाईत. वाळू उकरायची सवय हाय त्यांला."

"लावून तर बघा," ते म्हणाले.

भाऊ दुसऱ्या दिवशी परत गेला. मी शेजारच्या बाईला सोबत घेऊन गोदावरीवर गेले. उथळ पाण्यात फितीसारख्या लांब पानांचं गवत उगवतं, ते मुळासकट उपटून घागरीत घालून आणलं. मिस्टर सांगत गेले तसं एकेक रोप वाळूत खोचलं. संध्याकाळपर्यंत पेटी हिरवी झाली. सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, "लय गोड दिसायलंय गं." ते त्या दिवशी भाकरी जेवले.

सकाळी सगळं गवत पाण्यावर तरंगत होतं. माशांनी वाळू तोंडात भरभरून कोपऱ्यात ढीग घातला होता, खाली काच उघडी पडली होती. मी पुन्हा लावलं. पुन्हा उपटलं. मुळाशी खडे दाबून लावलं तर त्यांनी खड्यांखालून उकरलं. पुन्हा नदीवर गेले, पुन्हा आणलं. गावात बाया विचारायच्या, रोज नदीवर कशाला जायलीस? काय सांगणार?

एका सकाळी मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून रोपं खोचत होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यांला नको हाय तर कशाला जबरदस्ती?" आणि आपल्या हातांनी खाटेचा गज धरून, सगळा जोर लावून, त्यांनी वरचं अंग भिंतीकडे वळवलं.

मी तशीच खाली बसले. हातातली रोपं जमिनीवर आपटली. त्या माशांचा मला इतका राग आला की एकेकाला बाहेर काढून दगडावर टाकावं असं वाटलं. मग राग मिस्टरांवर आला, आणि मी मोठ्यानं बोलले, सासूबाई ऐकत होत्या तरी बोलले. "मी काय करू ते तरी सांगा. तुमी खात न्हाईत, बोलत न्हाईत. मी कुनाकडं जाऊ?"

मी रडून झाल्यावर चहा करायला उठले. चहा घेऊन आले तर भिंतीकडे बघतच म्हणाले, "संक्रांतीची सुगडं हायत का घरात?"

होती. माळ्यावर पडली होती. त्यांनी सांगितलं तसं प्रत्येक सुगडात माती, तिच्यावर वाळू, मध्ये रोप, आणि तोंडाशी मोठे खडे गच्च बसवले. सुगडं दगडांच्या बेचक्यात अडकवली. माशांनी चहूबाजूंनी उकरून पाहिलं, पानांची टोकं कुरतडली, पण गवत उभं राहिलं. पुढे त्याला नवे फुटवे आले. ते दिवसभर बघत पडायचे. बोलणं वाढलं असं नाही. पण ताट रिकामं व्हायला लागलं, आणि मला तेवढंच खूप होतं.

उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं तारा तुटल्या आणि गावची लाईट गेली. दुसऱ्या दिवशीही आली नाही. दुपारी पत्रा तापला, पेटीचं पाणी हाताला कोमट लागायला लागलं. मोटर बंद. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मी काचेला ओली गोणपाटं गुंडाळली. ते म्हणाले, "मला बसव."

दवाखान्यातून आल्यापासून ते बसले नव्हते. बसवलं की चक्कर यायची, म्हणून आम्ही नादच सोडला होता. सासूबाईंनी पाठीमागून धरलं, मी गाद्यांच्या गुंडाळ्या लावल्या. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, पण ते म्हणाले, "तांब्या दे." तांब्या पेटीत बुडवायचा, उंच धरायचा आणि धार सोडायची, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. पुन्हा बुडवायचा. ते दमले की मी घ्यायची, मग सासूबाई, मग परत ते. ऊन कलेपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो.

तरी मासे मेले. आधी पिवळे गेले. शेवटचा मोठा निळा मासा त्यांच्या डोळ्यांदेखत आडवा झाला. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हुंदका फुटला. अपघात झाल्यापासून ते रडले नव्हते. सासूबाई त्यांना मागून तशाच धरून होत्या. "रड बाबा," त्या म्हणाल्या. "रड."

मग डोळे पुसून ते म्हणाले, "मला वाटायचं, ह्या माशांच्या आधी मी जाईन."

मी म्हणाले, "मला बी तेच भ्या वाटायचं."

असं आम्ही पहिल्यांदाच एकमेकांशी बोललो.

भाऊ पुन्हा मासे आणतो म्हणाला, ते नको म्हणाले. ते काही बरे झाले नाहीत. पाय तसेच राहिले, जखमाही पुढे झाल्या, आणि कित्येक दिवस असे गेले की मी मंगळसूत्रातली किल्ली चाचपून बघायची. पण रोज थोडं बसवा म्हणायला लागले. पावसाळा संपता संपता भावानं चाकाची खुर्ची आणली. बाजाराच्या दिवशी मी त्यांना दाराशी नेऊन बसवलं. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि स्वतः सांगायला लागले.