वाढलेला बंपर

'संपलं', 'फुटलं', 'तुटलं' आणि 'गेलं' हे चार शब्द तोंडातून न काढता मुंबईत संसार करून दाखवणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. राहणार काळाचौकी, वडील गिरणीत, स्वतः सरकारी कचेरीत कारकून, आता निवृत्त. नारळ फुटला म्हणू नये, वाढवला म्हणावं. बांगडी वाढली म्हणावं. कुंकू वाढलं म्हणावं, हे आपल्या सगळ्यांच्याच घरात लहानपणी कानावर पडलेलं असतं. आपण ते ऐकतो आणि सोडून देतो. भाऊंनी सोडलं नाही. त्यांनी त्या एका बिचाऱ्या क्रियापदावर सगळ्या संसाराचा भार टाकला. त्यांच्या घरात साखर वाढते, साबण वाढतो, चपलेचा अंगठा वाढतो, टूथपेस्ट पिळून पिळून वाढते. नवखा पाहुणा दोन दिवस राहिला तर त्याला वाटावं, काय भरभराट आहे या घराची.

एकदा सिलिंडर रिकामा झाला तेव्हा त्यांनी गॅसवाल्याला फोन करून सांगितलं, "आमचा गॅस वाढलाय." पलीकडच्याने घाबरून विचारलं, किती वाढलाय. भाऊ म्हणाले, "पूर्ण." थोड्याच वेळात दोन माणसं धावत आली, अख्खा मजला गॅलरीत काढला, कोणी दिव्याचं बटण दाबायचं नाही अशी ताकीद दिली आणि नळीला साबणाचा फेस लावून बराच वेळ गळती शोधली. शेवटी त्यातला एक म्हणाला, यात गॅसच नाहीये. भाऊ शांतपणे म्हणाले, तेच तर मघापासून सांगतोय. निवृत्तीच्या दिवशी कचेरीत भाषण झालं, तेव्हाही निघताना 'जातो' म्हणायचं नाही म्हणून ते 'येतो' म्हणाले, आणि म्हटलेलं खोटं पडू नये म्हणून सोमवारी वेळेवर हजर झाले. साहेबांनी चहा पाजला आणि मोठ्या मिनतवारीने घरी पाठवलं. हे सगळं आईकडून आलेलं, थोडंफार पूर्वीपासूनच होतं. पण गेल्या दोन वर्षांत त्याला काही ताळतंत्र राहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर कोणी बागकाम धरतं, कोणी सोसायटीची भांडणं धरतं, यांनी हे धरलं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

या माणसाने गाडी घ्यावी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी ताईचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. ती बरी झाली, पण डॉक्टरांनी सांगितलं, रेल्वेची रेटारेटी नको, एसटीचे धक्के नकोत; गावी जायचंच तर गाडीने, थांबत थांबत. ताईचं माहेर देवगडकडे. तिथे गणपतीत पाणवठ्यावरून गौर आणायचा मान तिचा, आणि ती दोन वर्षं चुकलेली. ताई बोलून काही दाखवायची नाही, पण गौरीच्या दिवशी सकाळपासून ती गॅलरीत उभी राहायची, हे मी पाहिलं आहे. भाऊंनी साठी उलटल्यावर मोटार शिकून घेतली, एक जुनी पांढरी गाडी विकत घेतली, ती ताईच्या नावावर केली, आणि यंदा गौर तूच आणायचीस असं तिला सांगून टाकलं. ताईने त्याच दिवशी बॅग भरायला घेतली.

गाडी आल्यावर भाऊ मला हौसेने फिरवायला घेऊन गेले. लालबागच्या पुलावर चढल्यावर ते हळूच म्हणाले, "पेट्रोल वाढलं वाटतं." मी त्यावर माझी महागाईविषयीची सगळी मतं सविस्तर मांडली. मी सरकारपर्यंत पोचलो होतो, तेव्हा गाडी पुलाच्या मधोमध थांबली.

आता विमा. 'उतरवला' हा शब्द भाऊंना पसंत नसल्यामुळे त्यांनी गाडीचा विमा चढवला. नवी पॉलिसी हातात आली त्या दिवशी, एवढं शुभ काम झालं म्हणून, त्यांनी नारळ आणला. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा एक काळा दगड आहे, मंडळाचे सगळे नारळ त्याच्यावरच वाढतात. नारळाचं पाणी गाडीवर शिंपडलं जावं म्हणून भाऊंनी गाडी दगडाजवळ नेली. अजून थोडी जवळ नेली. अजून थोडी नेली. नारळ त्यांच्या हातात तसाच राहिला आणि बंपर दगडावर वाढला. डावीकडची बाजू दोन शकलं होऊन खाली लोंबायला लागली. भाऊंनी ती देवाच्या लाल नाड्याने बांधली आणि वर येऊन ताईला म्हणाले, काही नाही, जरा बंपर वाढलाय.

तेच वाक्य त्यांनी विमा कंपनीला सांगितलं. गणपती तोंडावर आले होते, आणि लोंबता बंपर घेऊन महामार्गावर जाणं शक्य नव्हतं. परळच्या गॅरेजवाल्याने कंपनीचा होकार आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितलं होतं. फोनवर कुठल्यातरी लांबच्या शहरातली एक मुलगी होती. तिला मराठी येत होतं, पण शाळेतलं. भाऊ म्हणाले, "नारळ वाढवायला गेलो आणि बंपर वाढला." तिने नम्रपणे विचारलं की वाढला म्हणजे नक्की किती. भाऊ म्हणाले, डावीकडून जास्त. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं की ग्राहकाने कंपनीला न कळवता बंपरचा आकार वाढवून घेतला आहे, आणि गाडीत असे हौशी बदल केल्यास भरपाई मिळत नाही. शिवाय पॉलिसी घेतली त्याच दिवशी हे काम केल्याबद्दल त्यांना आश्चर्यही वाटत होतं.

मी दादरहून धावत गेलो. फेरतपासणीसाठी कंपनीचा सर्व्हेअर आला होता, हिंदी बोलणारा एक तरुण. नारळाचा उल्लेख वाचून तो आधी माडाचं झाड शोधत होता. मग त्याने भाऊंना विचारलं, "अंकल, बंपर बढ़ाया क्यों?" भाऊ दुखावल्या आवाजात म्हणाले, "हमने नहीं बढ़ाया. अपने आप बढ़ गया." त्याने वाकून बंपर पाहिला, लाल नाडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मला बाजूला घेऊन त्याने सांगितलं की त्याला सगळं समजलंय, पण त्याच्या समजण्याला कंपनीत किंमत नाही. आता एक शेवटचा फोन येईल, बोलणं रेकॉर्ड होईल, आणि बंपर फुटला असं स्वच्छ शब्दांत सांगावं लागेल. पुन्हा बढ़ गया म्हणालात तर प्रकरण मिटलं समजा.

म्हणजे गौर आणि ताई यांच्यामध्ये आता एकच शब्द उभा होता. मी भाऊंना म्हटलं, खिशातून करून टाका ना दुरुस्ती. ते म्हणाले, "तसं केलं तर विम्याचे पैसे..." आणि थांबले, कारण पुढे 'बुडाले' येत होतं. मग मी म्हटलं, निदान इंग्रजीत सांगा, 'डॅमेज' म्हणा. त्यांनी मान हलवली. वास्तुदेवता घरात 'तथास्तु' म्हणत फिरत असते, तिला इतक्या वर्षांत तेवढं इंग्रजी आलं नसेल का, असं त्यांचं म्हणणं. हिंदीलाही हीच हरकत. मी वैतागून विचारलं, मग ताईच सांगू दे, गाडी तिच्या नावावर आहे. भाऊंचा चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "तिच्या तोंडून तर नकोच."

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. भाऊ फोन घेऊन खोलीतून गॅलरीत गेले, गॅलरीतून जिन्याशी गेले. जितकं घरापासून लांब जाता येईल तितकं. मी मागोमाग. पलीकडची बाई विचारत होती, काय झालं ते आपल्या शब्दांत सांगा. भाऊंनी डोळे मिटले. "बंपर," ते म्हणाले. मग म्हणाले, "फु..." आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. बाई म्हणाली, सर, आवाज येत नाही. तेवढ्यात ताई पदराला हात पुसत आली, तिने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, आपलं नाव सांगितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लिहून घ्या. गाडी दगडावर आपटली. बंपर फुटला, तुटला, कामातून गेला. विषय संपला."

चारही शब्द एका दमात. मला हसू यायला लागलं होतं, पण भाऊंकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी राहिलं. ते भराभर घरात गेले, चिमूटभर साखर घेऊन आले आणि सगळ्या गॅलरीदेखत त्यांनी ती ताईच्या तोंडात घातली. साखर अर्धी तिच्या हनुवटीवर सांडली. ताई एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी बोलते, तिने त्यांचा हात धरला आणि हळूच मालवणीत म्हणाली, "अहो, बंपर फुटलो. मी हंयच आसंय."

ती आत गेल्यावर भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. मीही बसलो. समोरच्या चाळीकडे बघत ते म्हणाले, "ती आत होती ना तेव्हा, ऑपरेशनच्या वेळी. डॉक्टर बाहेर येऊन रोज काहीतरी सांगायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं हो. तोंड तेवढं होतं. ते मी सांभाळलं."

मला ते तेव्हा फार आवडले, आणि आम्ही त्यांना किती हसलो ते सगळं आठवलं. ती घरी आली, म्हणून त्यांनी तोंड सांभाळणं चालूच ठेवलं होतं, इतकाच सगळा हिशेब होता.

कंपनीने होकार दिला. प्लास्टिकच्या वस्तूची अर्धीच भरपाई मिळते हे त्यांनी होकारानंतर कळवलं. नवा बंपर पांढराच आहे, पण गाडीच्या पांढऱ्याशी त्याचं काही नातं नाही. निघायच्या पहाटे भाऊंनी गाडी गल्लीच्या या टोकाला उभी केली आणि नारळ घेऊन त्या टोकाच्या दगडापर्यंत चालत गेले. वाटीतलं पाणी जपून आणून गाडीवर शिंपडलं. ताई पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर गौरीची नवी साडी. भाऊंनी काच खाली करून मला 'येतो' म्हटलं. मीही 'या' म्हटलं. गाडी फार हळू, प्रत्येक खड्ड्याला विचारून गेल्यासारखी, वळणापर्यंत पोचली आणि दिसेनाशी झाली.

तेवढ्यात बायकोचा दादरहून फोन आला. आमच्याकडे मखराची घाई होती, म्हणून तिला येता आलं नव्हतं. तिने विचारलं, "गेले का रे दोघं?"

'गेले' अगदी ओठांवर आलं होतं. मी वळणाकडे पाहिलं.

"येतायत गं," म्हटलं.